वन्संचा जकात नाका

आबांना ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आणलं तेव्हा त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. चादर तिथं सपाट पडली होती. आमच्या वन्सं व्हरांड्यात बाकावर बसून होत्या. भाऊ शुद्धीवर आला की घोटभर द्यावा म्हणून त्यांनी घरून थर्मासमधून चहा आणला होता. डॉक्टरांनी थर्मासकडं बघितलं आणि विचारलं, "यात साखर घातलीय का?"

"साखर?" वन्सं ताडकन म्हणाल्या. "तुम्ही बंद सांगितल्यापासनं ह्याच्या तोंडात साखरंचा कण गेला न्हाई. घरच्या गुळाचा हाय. आमच्याच मळ्यातला, बिनपावडरीचा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, गूळ काय आणि साखर काय, एकच. एवढं कळत नाही?"

"कळत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?" वन्संचा आवाज सगळ्या वॉर्डात गेला. "तुम्ही म्हटलासा साखर बंद. गूळ बंद म्हटला न्हाईसा. काकवी बंद म्हटला न्हाईसा. आमच्यात साखर पावण्याला आणि गूळ घरच्याला. तुम्ही ह्याच गावचं की! तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

डॉक्टर निघून गेले. वन्संनी थर्मास उघडला, चहा व्हरांड्याखालच्या गटारात ओतला आणि टोपण घट्ट लावलं. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सुमन, माझ्या हातानं दिला गं. रोज. वर आणि शेंगदाण्याबरोबर खडा, ताकदीला म्हणून."

आबा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांची जखम भरलीच नाही, वर्षाच्या आत ते गेले. मधल्या या वन्सं, आणि शेवटचा माझा नवरा. त्यांना घरात सगळे बापू म्हणत, म्हणून मीही इथं बापूच लिहिते. वन्संचं लग्न गारगोटीकडं झालं होतं. नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा या आपली ट्रंक उचलून पेठेतल्या आमच्या घरी आल्या, त्या परत गेल्या नाहीत. कुणी विचारलं तर सांगायच्या, "त्याला दोन लागत हुत्या, मला एकबी नको हुता. मिटलं." उंच, काळ्या, हाडापेरानं मोठ्या. बोलायला लागल्या की शेजारच्या वाड्यातली म्हैस मान वर करायची.

आबांच्या मातीनंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा रोग भावंडांत असतो, सगळ्यांनी तपासून घ्या. सगळ्यांनी म्हणजे बापूंनी, असाच अर्थ आमच्या घरानं काढला. बापू तेव्हा चाळिशीच्या आत होते. शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होते, सुट्टीला मळा बघायचे. अंगानं धडधाकट. तपासलं तर त्यांच्यातही साखर निघाली. ते ऐकून वन्सं घरी आल्या, स्वयंपाकघरातल्या फळीवरची गुळाची ढेप उचलली आणि अंगणात नेऊन म्हशीपुढं टाकली. मग दारात पाट टाकून बसल्या. त्या पाटावरून त्या पुढं कितीतरी वर्षं उठल्या नाहीत, असंच म्हणायला पाहिजे.

आमच्या गल्लीत कुणी रिकाम्या हातानं दुसऱ्याच्या घरी जात नसे. पोरगा पास झाला, पेढे. म्हैस व्याली, खरवस. गुऱ्हाळ सुरू झालं, काकवीची किटली. दिवाळीत तर ताटांवर रुमाल टाकून पोरी या दारातून त्या दारात पळायच्या. आमच्या दारात आलेलं प्रत्येक ताट वन्सं अडवायच्या. रुमाल उचलून बघायच्या. "चकली जाऊ दे आत. करंजी हितंच ठेव." दूधवाला एकदा म्हणाला, "आक्का, शिये नाक्यावर ट्रकवाल्याला एवढं इचारत न्हाईत." तेव्हापासून गल्लीनं त्यांना जकात नाका हे नाव ठेवलं. पोरं दुरून ओरडायची, "नाका उघडा हाय का?" वन्सं आतून ओरडायच्या, "तुझ्या आईला इचार, काल रव्याच्या लाडवात डालडा किती घातलाता!"

ताट कुणाचं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत. वन्संनी ती पाळली. लाडवाच्या ताटातून मेथीची जुडी परत जायची, नाहीतर ओला हरभरा, कधी मुळे. बायका तोंडावर हसायच्या आणि पाठीमागं म्हणायच्या, आम्ही काय म्हशी आहोत काय? मी एकदा म्हटलं, "वन्सं, एवढं गोड साठलंय, मळ्यातल्या गड्यांना तरी देऊ."

"का? गड्याला पाय न्हाईत व्हय?" त्या म्हणाल्या.

घरातलं जेवणही त्यांनी बदललं. आजाऱ्याचं वेगळं शिजवायचं नाही, हा त्यांचा कायदा. "वेगळं ताट मांडलं की दोन्ही टायमाला त्याला सांगितल्यागत हुतं, की बाबा, तू गेल्यात जमा हायस." म्हणून सगळ्या घरानं तेच खायचं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी, काकडी, ताक. भात मुठीएवढा. लोणच्याची बरणी आणि पापडाचा डबा माळ्यावर गेला, कारण डॉक्टर मिठाविषयीही काहीतरी बोलले होते आणि वन्सं आता डॉक्टरांचा शब्द अर्धा ऐकत नव्हत्या. समोर उभं राहून विचारून घ्यायच्या, "आणि मध? आणि खजूर? आणि केळं? आत्ता सांगा. मागनं कपाळाला हात लावायचा न्हाई." डॉक्टर वैतागायचे, पण सांगायचे.

रविवारचं मटण त्यांनी बंद केलं नाही. पण तांबड्या रश्श्यावरचा तेलाचा कट पळीनं काढून टाकायच्या. कोल्हापुरात हे पाप आहे. माझा थोरला मुलगा वाटी बघून म्हणाला, "आत्ती, हा रस्सा न्हाई, रश्श्याचं भांडं इसळल्यालं पाणी हाय."

"मग पिऊ नगंस. भाईर नळ हाय."

मुलं रुसायची. मीही चिडायचे. दिवसभर मळ्यात राबून यायचं आणि पुढ्यात अंबाडीची भाजी. एकदा मी भांडले. म्हटलं, "वन्सं, पाय त्यांचा धोक्यात आहे, तर आमच्या जिभा का कापता?"

"जीभ कापली तरी माणूस चालतंय, सुमन. पाय कापल्यावर काय हुतं, ते तू बघितलंयस."

मी भाकरी मोडली. पण खरं सांगते, भाजी गोड लागली नाही.

बापू साधा माणूस. कुणी दिलं की खायचे. म्हणून वन्सं डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून लघवी तपासायला शिकल्या. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, आणि नळी उकळत्या पाण्याच्या डब्यात धरायची. निळं राहिलं तर चांगलं. हिरवं झालं तर थोडी साखर. पिवळं, विटकरी झालं की वाईट. परसात न्हाणीच्या बाजूला एक मोडका स्टो त्यांनी त्यासाठीच ठेवला होता. रोज सकाळी नळी उजेडात धरून बघायच्या. निळी असली की "जा कामावर." हिरवी असली की उलटतपासणी.

"काल काय खाल्लंस?"

"काय न्हाई, आक्का."

"नळी खोटं बोलती व्हय?"

"फोरमनला पोरगा झाला. अर्धाच पेढा."

"मग उरल्याला अर्धा त्यानं खाल्ला का कुत्र्यानं?"

बापू चाळिशीचे, दोन मुलांचा बाप, आणि शाळेतल्या पोरासारखे खाली बघत उभे राहायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. राग बापूंचा नाही. त्या फोरमनचा. त्याला माहीत होतं. आबांच्या मातीला तो आला होता.

त्या वर्षी खंडेनवमीला वन्सं शिरोलीला गेल्या. एस.टी.नं, एकट्या. फौंड्रीत त्या दिवशी मशिनींची पूजा असते आणि पेढे वाटतात. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "आक्का, आत पूजा चाललीया, बायकांनी थांबायचं भाईर."

"पूजा हाय का कुस्ती?" म्हणत वन्सं आत गेल्या आणि बापूंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पेढ्यांचं ताट आलं. फोरमन हसून म्हणाला, "आक्का, परसादाला न्हाई म्हणू नये. कामावरचा मान हाय त्याचा."

"मान हाय नव्हं? मग इकडं द्या," म्हणून वन्संनी बापूंच्या वाट्याचा पेढा उचलला आणि सगळ्यांच्या देखत स्वतः खाल्ला. "पोचला मान."

माणसं हसली. कुणाचा अपमान झाला नाही, प्रसाद वाया गेला नाही आणि बापूंच्या तोंडात काही गेलं नाही. वन्संना वाट सापडली. तिथून पुढं त्यांनी हेच केलं. कुणी बापूंच्या पुढं गोड धरलं की "त्याचा मान मी खातो," म्हणायचं आणि खायचं. बारसं, साखरपुडा, सत्यनारायण, गुऱ्हाळावरचा गरम गूळ, सगळीकडं बापूंच्या शेजारी वन्सं. लोकांनाही मजा वाटायला लागली. बापूंना आग्रह करायचा, म्हणजे वन्सं खातात. म्हणून मुद्दाम जास्त आग्रह. हे हसणारे चेहरे मला अजून दिसतात, आणि एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं वाटतं.

गारगोटीचे तात्या हे वन्संचे मामेभाऊ. त्यांच्या मुलीच्या लग्नात पुरुषांची पंगत बसली होती. आमच्याकडं पंगतीत आग्रह म्हणजे मारामारीच. नको म्हणून पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. दोघांनी बापूंचे हात धरले आणि तात्या जिलबी घेऊन तोंडाशी आले. वन्सं बायकांतून उठल्या, पुरुषांच्या पंगतीत शिरल्या आणि बापूंच्या पानासमोर मांडी घातली.

"सोडा त्याला. आणा हिकडं."

"आक्का, एका जिलबीनं कोण मरतंय व्हय?" तात्या म्हणाले.

"आबा मेला. तू मातीला आलतास की. तेराव्याची बुंदी दोनदा मागून घेतलीस."

मग तात्यांनीच ते हसण्यावारी नेलं. "बरं बरं, मग भावाच्या वाटचं तू खा!" आणि परातच आणली. दुसऱ्यांनी टाळ्या पिटल्या. "आक्का, घ्या! आक्का, आणि एक!" वन्संनी खाल्ल्या. बैलानं कडबा खावा तशा. जेवढ्या लोकांनी बापूंच्या नावानं वाढल्या तेवढ्या. परतीच्या एस.टी.त त्या खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, टाकून द्यायच्या होत्या."

"अन्न टाकत्यात व्हय?"

"मग तुम्हाला झालं म्हणजे?"

"मला काय हुतंय? ह्यो बाप्या माणसांचा रोग. बायकांनी कधी पोटभर खाल्लंय, म्हणून त्यास्नी साखर हुईल?"

त्यांना खरंच तसं वाटायचं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना तसं वाटायचं. दोन भावांना झालेला रोग बहिणीला होऊ शकतो, हे सांगायला एवढ्या मोठ्या गावात कुणी नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, भावंडांत असतो म्हणून. पण बाई भावंडांत धरतच नाहीत. ज्या नळीत त्या रोज बापूंचे थेंब टाकत, तिच्यात स्वतःचे त्यांनी कधी टाकले नाहीत.

बापू सुधारले. गोळी, भाकरी-भाजी, आणि रोज पेठेतून मळ्यापर्यंत चालत जायचं-यायचं. नळी सहसा निळीच राहायची. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. आमच्या मुलांच्याही अंगवळणी पडलं. थोरला मुलगा कामाला लागल्यावर डबा उघडून दोस्तांना सांगायचा, "आमच्या घरात कट चालत न्हाई." त्यात आता थोडा तोराही असायचा.

वन्सं मात्र वाळत चालल्या. एवढं मोठं हाड, आणि पोलकं अंगावर लोंबायला लागलं. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायच्या. म्हणायच्या, उन्हाळा. पावसाळ्यातही उन्हाळा म्हणायच्या.

एके सकाळी मी परसात भांडी घासत होते. वन्संनी नळी उजेडात धरली, नेहमीसारखी, आणि ओरडल्या, "निळी हाय रे बापू. जा कामावर."

मी मान वर केली. नळी निळी नव्हती. पिवळी होती. आदल्या दिवशी बापू कुठंतरी जेवून आले होते. मी म्हटलं, "वन्सं, नीट बघा."

"बघितलं की."

"पिवळी आहे."

त्यांनी नळी डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. मग दुसऱ्या डोळ्याशी. मग खाली बसल्या. "कवापासनं दिसंना गं," त्या म्हणाल्या. "मी उकळीच्या आवाजावर नळी काढतो आणि रंग अंदाजानं सांगतोय." त्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली माहीत आहे? डोळ्यांची नाही. "गेलं कितीक दिस मी त्याला निळी निळी म्हणून कामावर धाडला आसंल," असं म्हणून त्या पहिल्यांदा रडल्या.

मी त्याच वेळी नळी धुतली आणि त्यांना म्हटलं, "जा न्हाणीत. आता तुमचे थेंब आणा." त्या नाही म्हणाल्या. मी ओरडले. आयुष्यात त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले. त्यांचे थेंब पडल्यावर औषध निळं, हिरवं, पिवळं कुठंच थांबलं नाही. भाजलेल्या विटेसारखं झालं.

डॉक्टर म्हणाले, फार जुनं आहे. डोळे गेले, आणि मूत्रपिंडंही जवळजवळ गेलीत. "एवढी वर्षं घरात तपासत होता, मग यांचं का नाही तपासलं?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टर, एवढी वर्षं या तुमच्या दारात भावाला घेऊन येत होत्या. तुम्ही का नाही विचारलं?" त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

वन्सं दवाखान्यात पडल्या तेव्हा बघायला सगळे आले. तीच माणसं. कुणी बिस्किटांचे पुडे आणले, कुणी द्राक्षं, कुणी पेढे, "देवाचा परसाद हाय, एक कण तरी". फोरमन आला, त्यानं मोसंबीच्या रसात ग्लुकोज घालून आणलं होतं, ताकदीला म्हणून. मी वॉर्डाच्या दारात स्टूल टाकून बसले. मी वन्संसारखी नाही. मी कुणाचा मान खाल्ला नाही. जे आलं ते त्यांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकलं. फोरमन म्हणाला, "वैनी, अन्नाचा अपमान करताय." मी म्हटलं, "माणसापेक्षा अन्नाचा मान मोठा असेल, तर डब्याला हात जोडा आणि जावा."

शेवटच्या दिवसांत वन्सं फार बोलत नसत. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण माणूस आला की वास घेत. बापू जवळ बसले की विचारायच्या, "काय खाल्लंस?" ते सांगत, "भाकरी आणि शेपू." मग त्या मान हलवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "सुमन, मी येडी ठरलो गं. दुसऱ्याला अडवत बसलो, आणि सोताच्या तोंडाला दारच लावलं न्हाई." मी त्यांची समजूत काढली नाही. खोटं बोलून काय करायचं? मी म्हटलं, "ठरलात. पण तुमच्यापेक्षा वाढणारे येडे."

लोक आता सांगतात की आक्कानं भावासाठी जीव दिला. ऐकलं की माझं डोकं फिरतं. कुणी जीव दिला नाही. वन्संना मरायचं नव्हतं. त्यांना भाऊ जगवायचा होता आणि चारचौघांत कुणाचं मन मोडायचं नव्हतं, दोन्ही एकदम. पावण्याच्या हातातलं नुसतं "नको" म्हणून परत करता आलं असतं, तर त्या जगल्या असत्या. पण आमच्याकडं "नको" हा शब्द कुणाला ऐकूच येत नाही. जिलबी भरवणारा प्रेमळ, आणि नको म्हणणारा गर्विष्ठ.

तेराव्याला तात्या गारगोटीहून आले. पानावर ज्वारीची भाकरी, मेथी, आमटी आणि ताक वाढलेलं बघून पंगत कुजबुजायला लागली. तात्या मोठ्यानं म्हणाले, "वैनी, तेराव्याला गोड करत्यात. आक्काच्या नावानं बुंदी तरी नको व्हय?"

मी आमटीची पळी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "नको. वन्संनी तुमच्या सगळ्यांच्या वाटचं खाऊन ठेवलंय."

दोघंतिघं पानावरून उठून गेले. तात्या उठले नाहीत. खाली मान घालून भाकरी मोडत बसले. अजून आमच्या घरी येतात. आग्रह करत नाहीत.

आबा पन्नाशीही बघू शकले नाहीत. वन्संना साठी लागली नाही. बापू ऐंशी पार करून अजून आहेत.